उभ्या विमानाचा वेग

अमेरिकेहून पंधरा-सोळा तास उडून आलेलं विमान मुंबईत गेटला लागतं. चाकांना चोक लागतात, इंजिनं थंडावतात, प्रवासी डोक्यावरच्या कप्प्यांतून सामान काढायला उठलेले असतात. कॉकपिटमधल्या एका पडद्यावर मात्र विमानाचा जमिनीवरचा वेग अजून दिसत असतो: ७ नॉट, म्हणजे ताशी जवळपास १३ किलोमीटर. दुसऱ्या पेटीला विचारावं तर ती ३ सांगते, तिसरी १. विमान इंचभरही हललेलं नसतं. वैमानिकांना याचं नवल वाटत नाही. ते तिन्ही आकडे टिपून घेतात आणि त्यावरून तिन्ही पेट्यांची तब्येत कशी आहे ते इंजिनिअर ठरवतात.

या पेट्या म्हणजे विमानाची जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा. जुन्या विमानांत तिला आय.एन.एस. म्हणत, आता आय.आर.एस. हे नाव रुळलं आहे. लांब पल्ल्याच्या विमानात अशा तीन असतात. या पेटीला मूळ कामासाठी ना खिडकी लागते, ना अँटेना, ना कुठला उपग्रह. आपण कुठं आहोत हे ती फक्त स्वतःला बसणाऱ्या हिसक्यांवरून ताडते.

डोळे बांधलेल्या माणसाला बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या स्टँडवर चकलांब्याच्या एस.टी.त बसवा आणि सांगा, गाडी कुठवर आली ते बाहेर न बघता, कुणाला न विचारता सांगत राहा. पाठ सीटला दाबली गेली की गाडीनं वेग घेतला, पुढं झुकलो की ब्रेक लागला, अंग डावीकडं कललं की उजवं वळण. मनातलं घड्याळ चालू ठेवलं तर पहिली पाच-दहा मिनिटं उत्तर बरं येईल. पुढं चुका साचू लागतील, कारण प्रत्येक नवं उत्तर मागच्या उत्तरावर उभं असतं. खड्डा कुठला आणि ब्रेक कुठला यात एकदा गफलत झाली की ती पुढच्या प्रत्येक थांब्याला सोबत येते.

पेटीत हेच काम तीन त्वरणमापक आणि तीन जायरो करतात. त्वरणमापक हिसका मोजतो, जायरो वळण मोजतो. हिसक्यांची वेळेनुसार बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची पुन्हा बेरीज केली की अंतर. गोम आहे ती या दुहेरी बेरजेत. समजा त्वरणमापकात गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजाराव्या भागाएवढी कायमची चूक आहे. ही चूक इतकी बारीक की कुठल्याही दुकानातल्या काट्यावर ती कळणार नाही. पण नुसती दुहेरी बेरीज करत गेलं तर तासाभरात सव्वातीन किलोमीटरची चूक होते, आणि वेळ दहापट झाली की चूक शंभरपट होते. म्हणजे दहा तासांत विमान सव्वातीनशे किलोमीटर भलतीकडं! त्या हिशेबानं मुंबईत उतरायचं विमान स्वतःला गेवराई तालुक्यात समजेल.

प्रत्यक्षात असं होत नाही, याचं श्रेय पृथ्वीच्या गोलपणाला आहे. त्वरणमापकाला विमानाचा वेग घेणं आणि स्वतःचं तिरपं असणं यातला फरक कळत नाही. पेटी किंचित कलली तर गुरुत्वाकर्षणाचा एक अंश त्याला हिसका वाटतो. म्हणून पेटीला सतत ठाऊक असावं लागतं की खरं ‘खाली’ कुठं आहे, आणि गोल पृथ्वीवर पुढं सरकताना हे ‘खाली’ बदलत जातं. आता पेटीनं चुकून स्वतःला दहा किलोमीटर पूर्वेला धरलं, तर तिची ‘खाली’ची कल्पनाही तेवढीच बिघडते. त्या बिघाडामुळं गुरुत्वाकर्षणाचा एक बारीकसा भाग त्वरणमापकात शिरतो आणि तो शिरतो नेमका उलट दिशेनं. म्हणजे चूक स्वतःलाच मागं ओढते, पण थांबत नाही. मधल्या जागेवरून पलीकडं जाते आणि पुन्हा ओढली जाते. हा झोका एकदा पुरा व्हायला ८४.४ मिनिटं लागतात. जर्मन अभियंते मॅक्स शूलर यांनी १९२३ साली हे तत्त्व मांडलं, म्हणून तो शूलरचा झोका. पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या दोरीचा लंबक कल्पिला तर त्याचा झोकाही नेमका एवढ्याच वेळाचा भरतो. मघाच्या त्वरणमापकाची सव्वातीनशे किलोमीटरची चूक या ओढीमुळं सव्वासहाशे-साडेसहाशे मीटरच्या पुढं जातच नाही. गेटवर दिसलेले ते ७ नॉट म्हणजे उतरल्यावरही चालू राहिलेला हाच झोका.

जायरोच्या चुकीला मात्र असा लगाम नाही. जायरो तासाला एका अंशाच्या शंभराव्या भागानं सरकत असेल, तर पेटीचं ‘खाली’ त्याच गतीनं पृथ्वीवरून सरकत जातं. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा हे सरकणं ताशी ०.६ सागरी मैल, एक किलोमीटरच्या थोडं वर. हा ड्रिफ्ट तासागणिक वाढत जातो. शूलरचा झोका त्याच्यावर स्वार होऊन वरखाली होत राहतो, पण एकूण कल वाढीचाच. मग सोळा तासांनी पेटीला पुन्हा खरं कोण सांगणार?

या प्रश्नाचं उत्तर आभाळात नाही, गेटवर आहे. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात पेटीला एक गोष्ट शंभर टक्के खात्रीनं ठाऊक असते: आपण उभे आहोत. वेग शून्य आहे, तेव्हा त्वरणमापक जे काही दाखवतो ते सगळं गुरुत्वाकर्षण. त्यावरून तिला ‘खाली’ पुन्हा सापडतं. आणि आपण उभे असताना जायरो जे वळण दाखवतो ते सगळं पृथ्वीचं. इथं ही यंत्रणा मला खरोखर थोर वाटते. आपल्याला स्थिर वाटणारी जमीन तासाला पंधरा अंशांनी फिरते आहे, हे त्या पेटीला जाणवतं.

चकलांब्याचंच उदाहरण घेऊ. गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे. इथली जमीन पृथ्वीबरोबर ताशी जवळपास १५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडं धावते. गावात पेटी ठेवली तर पृथ्वीच्या तासाला पंधरा अंशांच्या फिरण्याचे दोन वाटे तिला जाणवतील. उत्तर-दक्षिण आडव्या रेषेभोवती चौदा अंशांच्या वर आणि उभ्या रेषेभोवती सुमारे पाच. गावातल्या एखाद्या उंच सभागृहात फुकोचा लंबक टांगला, तर याच पाच अंशांच्या हिशेबानं त्याचं प्रतल पूर्ण फिरायला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागेल. मोठा वाटा ज्या आडव्या दिशेभोवती जाणवतो ती खरी उत्तर. होकायंत्र लागत नाही, त्यामुळं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला घोळही नाही. दोन वाट्यांचं प्रमाण पाहिलं की अक्षांश निघतो. उत्तरेकडच्या देशांत आडवा वाटा कमी होत जातो, म्हणून तिथं उत्तर शोधायला वेळ जास्त लागतो. आधुनिक पेट्यांना विषुववृत्ताजवळ पाचेक मिनिटं पुरतात, सत्तर अंशांच्या आसपास सतराएक लागतात. या कामाला अलाइनमेंट म्हणतात. ते चालू असताना विमान हलता कामा नये. प्रवासी चढताना किंवा इंधन भरताना होणारी थरथर पेटी सोसते, पण ट्रॅक्टरनं विमान ओढलं तर सगळं पहिल्यापासून.

अक्षांश सापडतो, उत्तर सापडते. रेखांश मात्र सापडत नाही, कारण पृथ्वीचं फिरणं चकलांब्याला जसं जाणवतं तसंच त्याच अक्षांशावरच्या दुसऱ्या कुठल्याही गावाला. पंचांगकर्त्यांना ही अडचण ओळखीची आहे. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली, म्हणजे पलभा, जागेवर उभं राहून मोजता येते. चकलांब्याला ती चार अंगुळांच्या थोडी वर भरेल. देशांतर मात्र सावलीवरून कळत नाही, ते बाहेरून आणावं लागतं. पेटीलाही ते बाहेरूनच सांगावं लागतं: एकतर जीपीएसनं, नाहीतर वैमानिकाच्या बोटांनी.

बोटं काय करू शकतात ते १० मार्च २०१५ रोजी सिडनीत दिसलं. एअरएशिया एक्सचं क्वालालंपूरला निघालेलं एअरबस ए-३३० गेटवर उभं होतं. स्थान हातानं भरताना १५१ अंश ९.८ मिनिटं पूर्व या रेखांशाऐवजी १५ अंश १९.८ मिनिटं पूर्व भरलं गेलं. एक आकडा घसरला आणि विमानाच्या हिशेबात सिडनी ११,००० किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ गेली. अक्षांश बरोबर होता. चूक झाल्याचे इशारे आले, पण त्यांचा अर्थ लागला नाही. उड्डाणानंतर नकाशा आणि दिशादर्शन दोन्ही बिघडले. सिडनीत हवा वाईट असल्यानं परत उतरता येईना, शेवटी विमान मेलबर्नला नेलं. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेनं या प्रकाराचा सविस्तर अहवाल काढला. सोळा तासांच्या ड्रिफ्टनं होणारी चूक काही दशक किलोमीटरांची, आणि अर्ध्या मिनिटाच्या टंकलेखनानं झालेली चूक अकरा हजारांची.

या पेट्या येण्याआधी हे काम माणूस करत असे. एअर इंडियाच्या कॉन्स्टलेशन विमानांत नॅव्हिगेटर नावाचा स्वतंत्र कर्मचारी असायचा. ११ एप्रिल १९५५ रोजी घातपातात समुद्रात कोसळलेल्या ‘काश्मीर प्रिन्सेस’मधून जे तिघे वाचले, त्यांत सहवैमानिक दीक्षित आणि अभियंता अनंत कर्णिक यांच्याबरोबर नॅव्हिगेटर पाठकही होते. १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोक’, मुंबईला आलं. बोइंग ७४७ च्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर होते. नॅव्हिगेटरची खुर्ची नव्हती, तिच्या जागी तीन आय.एन.एस. पेट्या. ७४७ साठीची पेटी जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाची, नाव ‘कॅरोसेल’. तिच्या आतला मंच मिनिटाला एक फेरी घेत राही. त्यामागची युक्ती साधी आणि हुशार होती. उपकरणाच्या चुकीला दिशा असते, उपकरणच फिरवत ठेवलं की तीच चूक आता पूर्वेला, मग उत्तरेला, मग पश्चिमेला जाते आणि बरीचशी आपसात फिटते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग ७५७ आणि ७६७ बरोबर लेझर जायरो आले. त्यात फिरणारी चाकं नाहीत. बंद वाटेवर उलटसुलट धावणाऱ्या दोन प्रकाशकिरणांतला फरक मोजला जातो. अगदी मंद वळणात ते दोन किरण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वळण कळेनासं होतं, म्हणून जायरोला मुद्दाम सेकंदाला काही शे वेळा थरथरवत ठेवावं लागतं.

ड्रिफ्ट किती चालतो, हा प्रश्न ‘कशासाठी’ हे विचारल्याशिवाय सुटत नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला जात असताना माँ ब्लाँवर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. तेव्हा जडत्वीय पेट्या प्रवासी विमानांत नव्हत्या. विमानातला व्हीओआर या रेडिओ दिशादर्शकाचा एक संच बंद होता, आणि आपण शिखर ओलांडलं आहे असा वैमानिकाचा समज झाला. शिखर अजून पाच मैल पुढं आहे, हे नियंत्रकाचं सांगणं नीट पोचलं नाही. पाच मैल! अटलांटिकच्या मध्यावर एवढी चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही. आय.एन.एस.ला मान्यता देताना अमेरिकी नियमांनी जी मर्यादा धरली ती ताशी २ सागरी मैलांची होती, म्हणजे अडीच तासांत नेमके पाच मैल. ही यंत्रणा समुद्र ओलांडायला होती, डोंगरातून वाट काढायला नव्हे. जमीन जवळ आली की रेडिओ दिशादर्शकांचा आधार घ्यायचा, हे सुरुवातीपासून ठरलेलंच होतं.

आजच्या पेट्या त्या मर्यादेपेक्षा पुष्कळ चांगल्या वागतात. तरी पेटी कधी उतरवायची याचा एक ठोकताळा चालत आला आहे. पेटी चालू होऊन जितके तास झाले त्यांची तिप्पट करा आणि तीन मिळवा, आलेल्या सागरी मैलांपेक्षा जास्त चूक असेल तर पेटी बदला. सोळा तासांना हे ५१ सागरी मैल होतात, म्हणजे चौऱ्याण्णव किलोमीटर. मला हा आकडा फार उदार वाटतो. पेटी खरंच त्या हद्दीला पोचली तर ती आजारी नाही, मोडलीच आहे. म्हणूनच तो एकटा वापरत नाहीत. गेटवर उरलेला वेगही पाहतात. तो १५ नॉट किंवा जास्त सलग दोन उड्डाणांनंतर दिसला, किंवा २१ नॉट एकदाच दिसला, तरी पेटी काढायची. दोनदा का, याचं कारण शूलरच्या झोक्यात आहे. झोका टोकाला असताना वेग शून्य असतो आणि मध्यावर सर्वांत जास्त. विमान गेटला नेमकं टोकाच्या क्षणी लागलं, तर बिघडलेली पेटीही शून्याजवळचा वेग दाखवून सुटू शकते, आणि मध्यावर लागलं तर ठीकठाक पेटीही जरा वाईट दिसते. एका नाडीवरून निदान करायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुरलेला इंजिनिअर एकेका आकड्यापेक्षा मागच्या आठ-दहा नोंदी एकाखाली एक लावून बघतो. तीच पेटी दर खेपेला त्याच दिशेनं सरकत असेल, तर मर्यादेच्या आत असूनही तिच्याकडं त्याचं लक्ष जातं.

दोन फेऱ्यांच्या मधे काय करायचं, यातही पर्याय असतात. मुंबई-नागपूर-मुंबईसारख्या फेऱ्यांत जमिनीवरचा वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. तिथं पुष्कळदा झटपट अलाइनमेंट करतात. अर्ध्या मिनिटात उरलेला वेग शून्यावर येतो, स्थान गेटच्या नोंदीनुसार नवं होतं आणि झोका थांबतो. पण उत्तर दिशा जुनीच राहते, ती नव्यानं शोधायला अर्धं मिनिट पुरत नाही. नागपूरपर्यंत त्यानं काही बिघडत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला, साडेबारा हजार किलोमीटरवर जायचं तर दिशेतली अंशाच्या पंचविसाव्या भागाची चूकही शेवटी आठ-नऊ किलोमीटर बाजूला नेते. म्हणून लांबच्या उड्डाणाआधी, दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी पेट्या बंद करून पूर्ण अलाइनमेंट करायची.

एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की जीपीएस आल्यापासून हवेतच ड्रिफ्ट दुरुस्त होतो. पारंपरिक रचनेत पेटीतला आकडा तसाच सरकत राहतो. दुरुस्ती होते ती बाहेरच्या संगणकात. तो तीन पेट्या, जीपीएस आणि जमिनीवरची रेडिओ केंद्रं यांची उत्तरं एकत्र मांडून कुणावर किती भिस्त ठेवायची ते सतत ठरवतो. ही गणिती पद्धत रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडली. मुंबईहून हाँगकाँगच्या दिशेनं निघालेलं विमान मराठवाड्यावर येईतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, ‘ही पेटी इतकी आणि या बाजूला सरकते’ हे संगणकाच्या ध्यानात येऊ लागलेलं असतं. पुढं जीपीएस गेलंच, तर तो ती ओळखलेली चूक वजा करून पेटीच्या आधारानं चालतो.

आणि जीपीएस जाऊ लागलं आहे. २०२३ पासून इराक-इराणच्या आसपास खोट्या उपग्रह-संकेतांनी विमानांना फसवण्याचे प्रकार वाढले. मुंबईहून युरोपला जाणारी विमानं त्याच पट्ट्याजवळून जातात. त्या नोव्हेंबरात भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, याबद्दल परिपत्रक काढलं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या, असं नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं. खोट्या संकेतानं नकाशा शंभर किलोमीटर उडी मारतो, घड्याळ चुकतं, सपाट वाळवंटावरही ‘डोंगर समोर आहे, वर खेचा’ अशी हाक येते. अशा वेळी तिसऱ्याच कुणाचं न ऐकणारी पेटी हाच आधार असतो. अट एवढीच की तिला आधी कुणी बिघडवलेलं नसावं. काही विमानांत जीपीएसचा आकडा थेट पेटीतच मिसळण्याची सोय केलेली होती. तिथं खोटा संकेत पेटीतही शिरला आणि मूळ आधारच गेला. नव्या रचनांत म्हणून पेटीचं निव्वळ जडत्वीय उत्तर वेगळं जपून ठेवतात.

वैमानिकांनी याची पूर्वतयारी गेटवरच करायची असते. संकेतांवर शंका असलेल्या विमानतळावर स्थान जीपीएसकडून आपसूक घेऊन चालत नाही. नकाशात त्या गेटचे छापलेले अक्षांश-रेखांश बघून ते एकानं बोटानं भरायचे, आणि दुसऱ्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचून पडताळायचा.